वाजवी शंका

पूल वर जायला लागला तेव्हाच कळलं, उशीर होणार.
खालून लोहखनिज भरलेली बोट, हजार फुटांची,
घाई म्हणजे काय ते ठाऊकच नसलेली.
मागून ईव्हर विचारतो, "बाबा आहे का त्यात?"
नाही रे. बाबाची बोट अजून दोन सरोवरं पलीकडे.
सोल्वेला रात्रभर कणकण.
थर्मामीटर म्हणतो नव्याण्णव,
माझा तळहात म्हणतो एकशे एक.
साक्षीदार दोनच, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही.

टेकडीवरच्या आयलीबाईंनी तिला माझ्या कडेवरून उचललं.
"जा तू. मी सहा वाढवलीत."
सहांतला एक तुरुंगात आहे,
अख्ख्या टेकडीला माहीत आहे.
मी म्हटलं, औषध दुपारी दोनला.

कोर्टात मी नववी.
आरोपी टोबायस, वय एकोणीस.
गळ-आमिषाचं दुकान फोडून
दोनशे चौदा डॉलर नेल्याचा आरोप,
आणि बादलीभर जिवंत मासे, का कोण जाणे.
त्या माशांचं पुढे काय झालं
हे चार दिवसांत कुणीच विचारलं नाही.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
सोल्वेचे मला फक्त मोजे भिरकावताना दिसतात.
म्हणून मी त्याचे बघत बसले, टेबलाखालचे.
डाव्या बुटाची नाडी सुटलेली.
वकील दीड तास बोलला
आणि माझ्या वहीत एकच ओळ:
कुणीतरी सांगा त्याला, पडेल.

तिसऱ्या दिवशी बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये
कुणाचं तरी बाळ रडलं.
पुरावा क्रमांक सात हातोहात फिरत होता, एक पोपटी कटावणी,
आणि मला पान्हा फुटला.
वही छातीशी धरून बसले, शाळेतल्या मुलीसारखी.
आठ नंबरच्या हेडलुंडांनी, चाळीस वर्षं टपाल वाटलेला माणूस,
माझ्याकडे न बघता
आपला स्वेटर माझ्या मांडीवर ठेवला.
न्यायाधीश म्हणाल्या, पाच मिनिटं थांबू या.
कशासाठी, ते नोंदीत नाही.

रात्री ईव्हर: "त्या दादाने केलं का?"
सांगता येत नाही.
"म्हणजे तुला माहीत नाही, की सांगायचं नाही?"
दात घास आधी.

सोल्वेचा कान निघाला. तळहात खरा होता.
दोन दिवस मी यंत्रावर विश्वास ठेवला, ती कान ओढत राहिली,
आणि कुणी मला उभं करून
काहीही विचारलं नाही.

शेवटच्या खोलीत अकरा हात वर.
खिडकीबाहेर सरोवर, करडं, कुणाच्याच बाजूचं नसलेलं.
त्यांनी मला घाई केली नाही. कॉफी आणून दिली.
वाजवी शंका, असं लिहून दिलं होतं आम्हाला कागदावर,
आणि मी शोधत होते,
माझ्याकडे आहे ती शंकाच आहे
की नुसती ती सुटलेली नाडी.
कॅमेऱ्यात चेहरा होता. गाडीत कटावणी होती.
मी हात वर केला.
तो माझाच होता, तापाच्या औषधाचा गुलाबी डाग असलेला.

त्याची आई मागच्या रांगेत
चार दिवस त्याचा कोट मांडीवर घेऊन बसलेली.
निकाल वाचला तेव्हा ती रडली नाही.
तिने कोटाच्या बाह्या आत दुमडल्या,
मग कॉलर,
मग पुन्हा सगळा उलगडून
पहिल्यापासून घडी घातली.

परतताना पूल पुन्हा वर.
आरशात दिसतं, ईव्हरच्या मुठीत पितळी चमचा,
आयलीबाईंच्या कपाटातला, मूठ नक्षीची.
"त्यांनी दिला."
हो?
"हो."
खाई त्याला खवखवे.
तो मान खाजवतोय.
पण लोकरीचा तो स्वेटर
खाजरा आहेच तसा, मीच विणलेला.