पस्तिसावा दिवस

तांबड्या दिव्यात उंदरांना वाटतं, रात्र आहे.
सायबर चौकातले हॉर्न भिंतीतून झिरपतात
आणि आत ताट फिरतं, मिनिटाला एक फेरा.

ताट फिरतं, धक्क्याची जागा फिरत नाही.
ती खोलीची आहे, दाराकडच्या कोपऱ्याची.
पायाखालचं खोटं मानायचं,
भिंतीवरच्या खुणा खऱ्या.
एवढंच शिकायचं असतं उंदराला.

सतरा नंबर सात दिवसांचा होता
तेव्हा इंगवले मॅडमनी त्याच्या डोक्यात
मोहरीएवढी जागा विझवली.
पस्तिसाव्या दिवशी ताटावर ठेवला
तर शिकला की, धडधाकटांसारखाच.
मी वहीत लिहिलं : फरक नाही.

बावीस त्याच आईचा, घावही तोच.
त्याला कोवळेपणी कुणी ताटावर ठेवलंच नाही.
साठाव्या दिवशी ठेवला.
धक्का. फेरा. धक्का. पुन्हा तोच कोपरा.
घाव जुनाच होता,
तो दिसायला मेंदू मोठा व्हावा लागला.

भरतेश एकोणीस वर्षांचा होईपर्यंत
आमच्याही वहीत फरक नव्हता.
बारावीला बहात्तर टक्के, हुपरीच्या मैदानावर खो-खो,
आणि अकराव्या वर्षापासून काकांच्या कारखान्यात
पैंजणाला घुंगरू जोडणं.
मग एका दिवाळीत त्याला रेडिओ ऐकू यायला लागला.
बंद रेडिओ.

आता नवं काही बसत नाही त्याच्यात.
मोबाईल उघडायची खूण मी रोज शिकवते,
रोज पुसली जाते.
पण चिमटा हातात आला की
कडी कडीत जाते,
फुंक मोजून पडते,
चांदीचा डाक धावतो आणि थांबायचा तिथंच थांबतो.

सतराला साठाव्या दिवशी परत ठेवला.
दुसऱ्या फेऱ्यातच त्यानं कोपरा टाळला.
मी खुर्चीतून उठले.
मॅडम म्हणाल्या, बस खाली,
अठरा उंदीर म्हणजे काहीच नाही.
खरंय. उंदराला बंद रेडिओ ऐकू येतो का
हे कुणाला विचारणार?

आई दिवस मावळायच्या आत जेवते.
मुंगी दिसली तर उचललेलं पाऊल तसंच धरते.
माझ्या अंगाला भुशाचा वास असतो,
ती पाणी तापवून ठेवते, विचारत काही नाही.
क्षमावणीला फक्त म्हणाली,
'तुझ्या पिंजऱ्यातल्यांची पण माग.'

परवा सतराचा नव्वदावा दिवस.
मेंदूचे काप काढायचे म्हणजे
आधी तो हातात घ्यावा लागतो.
गरम होता. बोटं हुंगत होता.

रात्री भरतेशनं मान वर न करता विचारलं,
'त्यो सतरा शिकला न्हवं?'
'व्हय.'
'मग त्याला कशाला?'

माझ्या वहीत एवढे रकाने आहेत.
तो घुंगरू कानाशी धरून हलवत होता,
आत खडा आहे का बघत.