खाच

मूळ तलवार मोरावा नदीच्या गाळात सापडली,
वाळू उपसणाऱ्या यंत्राच्या दातांत अडकून.
आता ती संग्रहालयाच्या तळघरात असते,
वाळलेल्या शेंगेसारखी काळी, हलकी,
आणि तिला भेटायला हातमोजे लागतात.

द्राहोमीराला तीन तास मिळाले.
तोल कुठे येतो ते बोटावर घेऊन पाहायचं होतं,
पण ते देईनात.
मग तिने दोरा लावला, मापं टिपली
पावाच्या कागदी पिशवीवर:
पातं, मधली पन्हळ, आडवी परज,
मुठीचा गोळा, अक्रोडाएवढा, जरा तिरका.
आणि टोकापासून वीतभर अलीकडे
एक खाच.

हिवाळाभर आम्ही पोलाद तापवलं.
भाता विजेचा आहे, कबूल.
बाकी घण, ऐरण आणि तिचा खोकला.
पाणी देताना ती खिडक्यांवर गोणपाट टाकते,
म्हणते, उजेडात पोलादाचा रंग खोटं बोलतो.
पहिलं पातं वाकलं. दुसऱ्याला तडा गेला.
तिसऱ्याबद्दल आठवडाभर ती काहीच बोलली नाही,
म्हणजे जमलं होतं.

राहिली खाच.
मी कानस पुढे केली.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जणू मी मेलेल्या माणसाची सही
गिरवू का म्हणून विचारलं.
मग ते पहिलं, वाकलेलं पातं
माझ्या दोन्ही मुठींत देऊन
मला अंगणातल्या बर्फात उभं केलं.
“डोळे मिटलेस तरी चालेल, राडिम.
हात सोडू नकोस.”

मी डोळे मिटले.

तेवढा एक क्षण ती
कशाचीच नक्कल नव्हती.
हे मला माझ्या मनगटाने सांगितलं,
आणि पुढे चार दिवस
चमचा धरता येईना तेव्हा पुन्हा पुन्हा सांगितलं.

संग्रहालयाचं पत्र आलं: काम उत्तम,
फक्त खाच दीड मिलिमीटर वर पडली आहे.
द्राहोमीरा हसली, खोकली,
बिलातला एक आकडा बदलला नाही.

ती तलवार आता काचेबाहेर असते,
शाळेची पोरं हाताळतात, चिकट बोटांनी.
वाकलेलं पातं मात्र इथेच, भट्टीवरच्या खिळ्याला.
त्यालाही खाच पडली त्या दिवशी,
जरा जास्तच खोल.
टाळीचं जे, तेच हिचं.

संध्याकाळी निखारे झाकताना
कधी तिच्यात अंगठा ठेवतो
आणि नदी आठवते.
तिकडे अजून वाळू उपसतात.
दुसरी तलवार
कुणाला मिळालेली नाही.