वाचले

दुसऱ्यांच्या मरणावर माझं पोट चालतं,
त्यात लाजायचं काय?
वुच शहरात, जुन्या दफनभूमीच्या फाटकाशी
एकतीस वर्षं मी मेणाचे दिवे विकते:
लाल काचेचे, पांढऱ्या काचेचे,
आणि हल्ली ते बॅटरीवाले, जे विझत नाहीत
आणि म्हणून मला आवडत नाहीत.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला अख्खं गाव येतं
आपापल्या माणसांकडे.
नाव कोणी सांगत नाही, पण हात सांगतो:
आईला दोन, सासूला एक,
जमिनीवरून भांडून मेलेल्या भावाला
बराच वेळ निवडून, शेवटी सगळ्यांत स्वस्त.

यंदा जो तो एक जास्तीचा मागत होता.
कोणासाठी, हे विचारायचं मी कधीच सोडलंय.
तरी विचारलं.

हवामानाच्या बाई, हालश्का वोलान्स्का, जूनमध्ये गेल्या.
बावीस वर्षं नकाशासमोर उभ्या राहून
म्हणायच्या, छत्री असू द्या बरं.
त्यांच्या थडग्यावर छत्र्याच छत्र्या,
एक तर लहान पोराची, बेडकाच्या डोळ्यांची.
लख्ख ऊन पडलं होतं.
त्यांचा अंदाज असाच चुकायचा.

गोलकीपर पेल्का.
एकदाच चेंडू सुटला त्याच्या हातून, साऱ्या देशादेखत,
आणि माझ्या नवऱ्याने, झेनॉनने,
मरेपर्यंत त्याचं नाव घरात काढू दिलं नाही.
आता शिव्या घालणारेच रांगेत, टोप्या हातात,
दोन-दोन दिवे.
कोणी हातमोजे ठेवून गेलं, कोरे करकरीत,
किमतीची चिठ्ठी तशीच.
माणूस गेला की माफी स्वस्त होते.
मला भाव ठाऊक आहेत.

पण सगळ्यांत जास्त दिवे गेले
ज्याचा चेहरा कोणीच पाहिला नव्हता त्याच्याकडे.

आमच्याकडे टीव्हीवर परदेशी सिनेमा लागतो तेव्हा
नटांचे आवाज खाली बुडवतात
आणि वरून एकच माणूस सगळ्यांचं वाचतो.
घोड्यावरचा दरोडेखोर तो,
बाळंतकळा देणारी बाई तो,
मांजर हरवलेली सात वर्षांची पोर, तीही तोच.
गोळी सुटो, मुका घेवो कोणी कोणाचा,
येरेमी कोसाकचा सूर हलायचा नाही,
जणू विजेच्या मीटरचा आकडा सांगतोय.
पहिली पाच मिनिटं हसू यायचं.
मग तो आहे हेच विसरायला व्हायचं.

माझ्या स्वयंपाकघरात
"तुझ्यावाचून करमत नाही" हे वाक्य
कोसाकने शंभरदा तरी म्हटलं असेल,
मी बटाटे सोलत असताना.
झेनॉनने एकदाच. इस्पितळात, छताकडे बघत,
त्याच सपाट सुरात,
जणू दुसऱ्या कोणाचं वाचून दाखवतोय.
मला पुरलं.
त्या सुरातून अर्थ काढायची
सवय होती मला.

रात्री पाय कोमट पाण्यात सोडून टीव्ही लावला.
जुनाच सिनेमा. वाळवंट.
एक म्हातारा नट, तोही गेलाय कधीचा,
ओठ हलवतो.
कोसाक म्हणतो, पाणी.
कोणी धावत नाही. वाळू उडते.
मग तितक्याच शांतपणे, राहू दे.

पिशवीत एक दिवा उरला होता, तडा गेलेला,
फुकटही कोणी नेला नसता.
काडेपेटी शोधेपर्यंत पडद्यावर नावं सरकू लागली,
वाद्यांचा गलका,
आणि नेहमीसारखं अगदी शेवटी, घाईघाईत,
स्वतःचं नाव सांगायची जणू चोरी आहे असं,
तो म्हणाला:
वाचले, येरेमी कोसाक.