बोंडूचे दिवस

मार्च लागला की सत्तरीत वारा गोड होतो.
डोंगरावर बोंडू पिकतात, भट्टीवर निरो ठिबकतो,
आणि मी खिडक्या लावून घेते.

सासरे म्हणायचे, ह्या घराचा पाया चिऱ्यांचा नव्हे,
काजूचा.
कौलं, विहीर, दोन नणंदांची लग्नं,
माझ्या गळ्यातल्या वाट्यासुद्धा
बिया विकून आलेल्या.

उष्टावणाला खीर त्यांनीच लावली वेदेशच्या ओठाला,
करंगळीने, जरा तोऱ्यातच.
नखाएवढी.
मग ओठ. मग पापण्या. मग तो आवाज,
रिकाम्या बाटलीत कोणी फुंकावं तसा.
उसगाव, बाणस्तारीचा पूल,
केळ्यांचा एक टेंपो बाजूलाच होईना.
बांबोळी येईपर्यंत मी दिव्याचे खांब मोजले.
श्वास मोजायचं धाडस नव्हतं.

आता तो सहा वर्षांचा आहे.
बाराखडी पुरी व्हायच्या आधी
बिस्किटाच्या कागदावरची बारीक अक्षरं शिकला.
‘अंश असू शकतात’
हे शुभंकरोतीच्या चालीवर म्हणतो.
दप्तरात डबा, पाण्याची बाटली
आणि मांडीत खुपसायचं इंजेक्शन.
ते कसं द्यायचं हे बाईंना मी संत्र्यावर दाखवलं, तीनदा.
संत्रं रडत नाही हो, बाई म्हणाल्या.

चवथीला भटजी प्रसाद वाटतात.
सगळ्या मुलांसारखी तोही ओंजळ पुढे करतो
आणि देवाच्या डोळ्यांदेखत
मी त्याचं एकेक बोट मिटते.
‘चिमटीभरानं काय होतं गो?’
काय होतं ते मला ठाऊक आहे. मी हसते.

नाताळात फिलोमेना कुसवाराचं ताट पाठवते,
त्याच्यासाठी वेगळं: दोन चिकू, कागदाचं एक नक्षत्र.
यंदा चिठ्ठी होती.
कढई नवी आणली, कालथाही नवा,
दोदोल केला, पण पाठवायचा धीर झाला नाही.
तिच्या कुंपणाशी उभी राहून मी ती दोनदा वाचली.

धीर माझ्यातही नाही.
मी डोंगरावर चिडते, मोहोरावर चिडते,
कधी त्याच्यावर,
आणि मग रात्री त्याच्या छातीशी कान लावून पडते.

सासरे भट्टीवरून आता थेट विहिरीवर जातात.
कपडे तिथेच उतरवतात, राखेने हात घासतात,
मग साबण, मग लिंबाची फोड.
बियांच्या तेलाने काळी पडलेली बोटं
काही केल्या गोरी होत नाहीत.

नातू पायरीवर बसलेला.
आजोबा दोन पावलं दूर, हात पुढे करून,
तपासनाक्यावर गाडी थांबावी तसे.
तो वास घेतो. तळवा. पालथा हात. नखं.
घाई करत नाही.
‘अजून एकदा,’ म्हणतो.

ज्यांना गावात कोणी दारातून परत पाठवलं नाही
ते काही न बोलता वळतात.
रहाटाचा आवाज येतो.