रकाना सात

अर्जात विचारलं होतं, वर्षात किती वेळा पडलात?
मी लिहिलं, चार.
खिडकीतला पोरगा म्हणाला, काकू,
दवाखान्याचा कागद असेल तेवढंच पडणं धरतात.
म्हणजे एक.

न्हाणीघरातलं धरलं नाही.
तेव्हा कचरागाडीचं गाणं
जवळ आलं, दाराशी थांबलं, पुढे गेलं,
आणि मी फरशीला गाल लावून
बादलीच्या बुडाचा गंज बघत होते.

मार्चअखेर बटण आलं.
रामबागेत तिघींना मिळालं.
चौथीपाशी निधी संपला.
चौथी म्हणजे समोरची शरयू, वॉकरवाली.
विचारते, दाबून पाहिलंस का गं?
नाही म्हणते.
पाहिलं होतं.
"बोलिए अम्माजी," कुणीतरी लगेच म्हणालं.
काही नाही, म्हटलं, चुकून लागलं.

तुळशीच्या माळेखाली लोंबतं ते.
सराफ्यात रात्री दीडला गराडू खाणाऱ्या
कुणा अनोळख्याच्या करातले चार आणे
असतील त्यात.
त्याला काय ठाऊक.

दुपारी आता दार लोटत नाही.
समोरून धप्प ऐकू आलं
तर दाबीन, माझंच दाबीन,
नाव शरयूचं सांगीन.