पाचवी चिठ्ठी

रविवारी पाच चिठ्ठ्या लिहिल्या,
खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटल्यांत गुंडाळून घातल्या
आणि चिचटोल्याच्या रानात लपवून आले.
बुधवारी सातवीचा इतिहास:
‘आपल्या भागात पहिल्यांदा वाट काढणारे लोक.’
पुस्तकात हा धडा नाही.
पुस्तकात आमच्या भागाला दीड ओळ आहे,
तीही भातावर.

पोट्टे एकवीस, टोळ्या तीन.
खेमलता कापगतेच्या टोळीनं चपला हातात घेतल्या,
पळायला बरं पडतं म्हणून.

पहिली चिठ्ठी बाजाराच्या चिंचेत.
    मिठाची गोणी, बैलाची पाठ,
    खुरांनी पाडली रानात वाट.
हेमराज राठोड हसला, ‘हे तं आमचेच नं म्याडम,’
आणि एकदम ताठ चालू लागला,
जणू मागून शंभर बैल येताहेत.

दुसरी टेकडीवर, बाण कोरलेल्या दगडाखाली.
दगड जुन्या मोजणीचा.
साहेब दुर्बिणीतून बघायचा,
साखळी ओढत काट्यांतून जायचा दुसराच कुणी.
    नकाशात साहेब, नकाशात डोंगर,
    साखळीवाल्याचं नाव सांगा कुणी तर.
कुणाला येईना. मलाही येत नव्हतं.
सुकेशनीनं कोळशानं दगडावर लिहून टाकलं, ‘कोंडू’.
‘काही तं असंलच नं,’ म्हणाली.

तिसरी तलावाच्या पाळीवर, तुडुमाजवळ,
ज्यांनी आधी माती हुंगली आणि मग कुदळ मारली
त्यांच्या नावानं.
इथवर सगळं माझ्या मनासारखं.

चौथी वाळवीनं खाल्ली.
बूच मीच सैल लावलं असणार.
उरलं ते एवढंच:
‘…च्या मागे… ओल… थांब…’
खेमलतानं भोकांतून आभाळ पाहिलं,
मग हेमराजनं, मग ओळीनं सगळ्यांनी.

हे मी नंतर ऐकलं.
मी तेव्हा येनाच्या झाडाखाली
खजिन्यावर बसले होते:
दोन किलो फुटाणे, गूळ,
शाळेच्या कपाटातलं होकायंत्र,
ज्याची उत्तर दिशा कायम फाटकाकडे असते.
मोह टपटपत होता. तीन वाजले. चार.
मुंग्यांनी गुळापर्यंत वाट काढली,
मग गुळाची वाट लावली.

तिकडे त्यांना डोमा ढोरकी भेटला.
‘का हुडकून राह्यले बे?’
‘इथं पह्यले कोन आलं, थे.’
डोमानं बिडी विझवली, कानावर ठेवली,
काठी गाईंकडे केली.
‘मानूस कायचा पह्यला येते?
थे पांढरी दिसते का, एका शिंगाची?
तिले तहान लागली का थे चालते.
आमी मागं.’

सूर्य झाडांत उतरला तेव्हा आले.
मी ज्या दिशेला डोळे लावून होते
तिच्या बरोबर उलट्या बाजूनं,
एकवीसच्या एकवीस, एकाच टोळीत,
ऐन मार्चात गुडघ्यापर्यंत ओले.

‘कुठे होतात?’
कुणी बोललं नाही.
मुंग्या झटकून फुटाणे खाल्ले.
होकायंत्राला कुणी हात लावला नाही.
पाचवी चिठ्ठी समोरच होती बाटलीत,
तीही तशीच राहिली.
तिच्यात मी बहुतेक ‘शाबास’ लिहिलं होतं,
आणि खाली सालं, पाठ करायची.

जाताना खेमलतानं माझ्या हातात
ती वाळवीची चिठ्ठी ठेवली.
मागच्या बाजूला कोळशानं, भोकं चुकवत चुकवत:

    पांढरीले विचारा.
    सकाळीच या.
    दुपारी थे कोनाचंच आयकत नाही.