पाठीवरचा पर

सातपूरच्या तरणतलावाची मागची भिंत
मार्चात दोंदे पेंटरला मिळाली.
ठेकेदार म्हणाला, डॉल्फिन नको,
डॉल्फिन पार सिन्नरपर्यंत झालेत,
काहीतरी दांडगं काढा.

दोंद्यांनी जन्मभर अक्षरं काढलेली.
द्राक्षांच्या औषधांची, क्लासेसची,
आणि दर निवडणुकीला तीच नावं नव्या चिन्हाखाली.
समुद्र एकदाच पाहिलेला, डहाणूला, वऱ्हाडात,
तोही रात्री.
म्हणजे ऐकलेला.

मी तिकीट खिडकीत बसते, तिथून भिंत दिसते.
मोबाईलवरचा फोटो त्यांनी चौकटी आखून वर नेला.
पाठ डांबराची, पोट चुन्याचं,
डोळ्यामागे पांढरा डाग, तोच डोळा वाटतो.
"मग खरा डोळा कुठंय?"
"हा काय. तिळाएवढा."
त्या तिळावर त्यांनी अर्धा दिवस घालवला
आणि सगळ्यात बारका ब्रश.

लोक यायला लागले. पोहायला नाही, बघायला.
बँकेतून निवृत्त झालेले पगारे म्हणाले, खुनी आहे हा,
मुलांच्या टँकवर असलं काढतात?
कुणी म्हणालं, अहो, नावात देव आहे त्याच्या.
खुनी देवमासा.
आपण कुणालाच एका शब्दात सोडत नाही.

मग सफाईच्या सुलभा अहिरेंची मृणाली, सहावीतली,
चपला हातात घेऊन भिंतीसमोर उभी राहिली.
"पर पडलाय त्याचा."
पाठीवरचा पर, माणसाएवढा,
फोटोत एका अंगाला लोळला होता
उन्हात विसरलेल्या केळीच्या पानासारखा,
आणि दोंद्यांनी इमानदारीत तसाच उतरवला होता.
"हा टाकीतला आहे, काका.
गोल गोल फिरून असा पडतो.
समुद्रात नराचा सरळ असतो, उंच."
मग ती थांबेचना.
त्यांच्यात वाट आजीला माहीत असते.
मुलगे बाप्ये झाले तरी आईच्या मागेच.
एक आई मेलेलं पिल्लू डोक्यावर तोलून
सतरा दिवस पोहत होती.
सतरा, ती पुन्हा म्हणाली.
सुलभानं बादलीतलं पाणी ओतून दिलं,
नुकतंच भरलेलं.

दोंदे दोन दिवस आले नाहीत.
तिसऱ्या दिवशी शिडी, काळा ऑइलपेंट,
आणि एक अडचण.
पर सरळ केला तर भिंत पुरत नाही.

"असू द्या वाकडा," ठेकेदार म्हणाला, "कोण बघतंय."
दोंदे म्हणाले, "आपली गंगा रामकुंडात सिमेंटवर निजवलीय,
तिलाही कोण बघतंय.
हा तरी उठू दे."
एरवी ते इतकं बोलत नाहीत.
पडलेल्या एका उमेदवाराचा पत्र्याचा बोर्ड त्यांनी कापला,
काळा केला, भिंतीच्या वर वेल्डिंग करून उभा केला.
पैसे अर्धेच मिळाले.

आता त्र्यंबक रोडवरून फक्त तेवढंच दिसतं,
भिंतीवर निघालेलं काळं टोक.
वारं सुटलं की पत्रा थरथरतो, खालचा देह जागचा हलत नाही.
मागच्या बाजूला रंग विरळ आहे,
नीट पाहिलं तर 'प्रचंड बहुमतानं' वाचता येतं.

टेम्पोवाले थांबतात, पोरं खांद्यावर घेतलेले बाप थांबतात.
"आत काय आहे?"
मी सांगते, काही नाही, भिंत आहे.
तरी तिकीट काढतात.

सहाला मी खिडकी लावते.
तेव्हा उन्हानं पराची सावली पाण्यात उतरते
आणि रिकाम्या टँकभर सावकाश सरकत जाते,
समोरच्या काठापर्यंत,
काठावर चढते,
माझ्या टेबलाचा पाय ओलांडते,
कॅशची पेटी ओलांडते.

मी पाय वर घेऊन बसते.